उन्हाळी सुट्टीतली शपथ आणि सोलापूर

अमेरिकन मराठी मिशनचा इतिहास आपल्याकडे साधारण दोन प्रकारे सांगितला जातो. एक बाजू शाळा, छापखाने आणि दुष्काळातील अनाथाश्रम मोजते, दुसरी धर्मांतरे मोजते. सोलापुरातील या मिशनविषयी जमेल तसे वाचताना मला मात्र वेगळाच प्रश्न छळू लागला. इतिहासाची पदवी माझ्यापाशी नाही, त्यामुळे प्रश्नही अगदी साधा होता. ही माणसे मुळात घरून निघाली कशी? कोणत्या वयात, कोणाच्या सांगण्यावरून? उत्तर शोधता शोधता मी दोन उन्हाळ्यांपाशी पोहोचलो. दोन्ही अमेरिकेतले आणि दोन्ही विद्यार्थ्यांचे.

पहिला उन्हाळा १८०६ चा. मॅसॅच्युसेट्समधील विल्यम्स महाविद्यालयातले पाच विद्यार्थी ऑगस्टमध्ये प्रार्थनेसाठी माळावर जमले होते. वादळ आले, तेव्हा त्यांनी गवताच्या गंजीचा आडोसा घेतला. आशियात धर्मप्रसारासाठी जावे, हा विचार तेथे बोलला गेला. त्यातून चार वर्षांनी, १८१० मध्ये अमेरिकन बोर्ड ही संस्था उभी राहिली. पाचांपैकी आशियात आला तो एकटा जेम्स रिचर्ड्‌स, आणि तोही सिलोनला. मुंबईत आला तो त्याच महाविद्यालयाचा, पण त्या दिवशी गंजीपाशी नसलेला गॉर्डन हॉल. फेब्रुवारी १८१३ मध्ये तो आणि सॅम्युएल नॉट मुंबईस पोहोचले. कंपनी सरकारला ते नको होते, पण ते टिकले. हॉल मराठी शिकला, नव्या कराराच्या मराठी भाषांतरात त्याने वाटा उचलला आणि १८२६ च्या मार्चमध्ये नाशिकजवळ प्रवासात पटकीने वारला. मराठी मिशनची सुरुवात ही अशी. पुढे १८३१ मध्ये अहमदनगर, १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ आणि १८६० च्या दशकात सोलापूर, असा त्याचा विस्तार होत गेला.

दुसरा उन्हाळा १८८६ चा, आणि त्याची एक वाट थेट कोल्हापुरातून जाते. रॉयल वाइल्डर हे मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. त्यांचा मुलगा रॉबर्ट तेथेच १८६३ मध्ये जन्मला. वडिलांच्या प्रकृतीमुळे कुटुंब अमेरिकेस परतले आणि रॉबर्ट प्रिन्स्टनला शिकू लागला. १८८६ च्या जुलैत धर्मोपदेशक मूडी यांनी माउंट हर्मन येथे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे उन्हाळी शिबिर भरवले. २५१ विद्यार्थी जवळजवळ चार आठवडे एकत्र राहिले. परदेशी सेवेची शपथ घ्यावी म्हणून रॉबर्ट एकेकाला भेटत होता, आणि शिबिर संपेपर्यंत ती शंभर जणांनी घेतली. त्या शंभरात कॉर्नेलचा जॉन मॉट होता. १९४६ चे शांततेचे नोबेल पारितोषिक पुढे ज्या दोघांत विभागले गेले, त्यांतला तो एक. पुढल्या वर्षभरात रॉबर्ट आणि लाहोरच्या मिशनऱ्याचा मुलगा जॉन फोरमन यांनी महाविद्यालये पालथी घातली आणि दोन हजारांहून अधिक तरुण-तरुणींची शपथ मिळवली. १८८८ मध्ये या चळवळीला संघटनेचे रूप आले. पुढील काही दशकांत तिच्यामार्फत वीस हजारांहून अधिक जण परदेशी गेले. रॉबर्ट स्वतः १८९० च्या दशकात पुण्यात विद्यार्थ्यांमध्ये काम करत होता.

म्हणजे पंचगंगेकाठी जन्मलेला मुलगा अमेरिकेत जाऊन तिथल्या पिढीला हाक देतो आणि त्या हाकेने निघालेली माणसे पुन्हा आपल्या देशात येतात. मिशनचा प्रवाह एकाच दिशेने वाहत होता ही समजूत यामुळे थोडी दुरुस्त करावी लागते.

मात्र शपथ घेतली म्हणजे काम झाले असे नव्हते. अमेरिकेतला उन्हाळा सुट्टीचा आणि सहलींचा, सोलापूरचा उन्हाळा अंगाची लाही करणारा. येथे आलेल्याची पहिली काही वर्षे मराठी शिकण्यात जात. चार्ल्स हार्डिंग, लॉरिन गेट्स यांच्यासारखे लोक सोलापुरात टिकले ते दीर्घकाळ चिकटून राहिल्यामुळे. मेरी हार्डिंग यांनी येथे बालवाडीचे आणि तिच्यासाठी शिक्षिका तयार करण्याचे काम केले. ही कामे चार आठवड्यांच्या उत्साहावर चालत नाहीत, आणि मराठी शिक्षक-शिक्षिकांवाचून तर मुळीच नाहीत.

कसोटीची खरी जागा सोलापूरची सेटलमेंट. १९११ च्या कायद्याने गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना सरकारने तारेच्या कुंपणात वसवले. कापडगिरण्यांना मजूर हवे होते, सरकारला बंदोबस्त हवा होता. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर जायचे नाही, हा तिथला नियम. या सेटलमेंटचा कारभार काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होता. म्हणजे मुलांना धुळाक्षरे शिकवणारी आणि बापाची हजेरी घेणारी संस्था एकच. सेवेची शपथ घेणाऱ्या तरुणाला माउंट हर्मनच्या हिरवळीवर याची कल्पना असणे शक्य नव्हते. तरी त्याच्या सेवेचे मोल ठरवायचे तर ते इथेच, कुंपणाच्या आत उभे राहून ठरवावे लागेल. शाळेमुळे काहींच्या घरात पहिली अक्षरे आली, हे खरे. ती कुंपणाच्या आत आली, हेही तितकेच खरे. एक सांगताना दुसरे गाळणारा इतिहास मला अर्धा वाटतो.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि त्या जमाती ‘विमुक्त’ म्हणवल्या जाऊ लागल्या. सोलापुरात सेटलमेंट हे नाव मात्र अजून वस्तीला चिकटून आहे.

अमेरिकन बोर्डाची पत्रे आणि अहवाल आज हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात नीट जपलेले आहेत. शपथ कोणी घेतली, बोटीत कोण कधी बसले, हे तिकडून कळते. ज्यांच्यासाठी ती शपथ घेतली असे म्हटले गेले, त्यांनी त्या माणसांना कसे पाहिले, हे तिथे कळणार नाही. ते सोलापूरच्या घरांत आहे. पंतोजीची जुनी सनद, शाळेचा दाखला, आजीने सांगितलेली हजेरीची हकिगत, यांत ते आहे. सेटलमेंटचे दिवस पाहिलेली पिढी आता फार थोडी उरली आहे. अशा घरांतील वाचकांनी निदान एका वहीत हे लिहून ठेवावे, एवढीच माझी विनंती. पुढच्या अभ्यासकाला हॉटनमधल्या कागदांसमोर ती वही ठेवता येईल.