पगार वाढला, मग पुरत का नाही? गिरणीतल्या ‘महागाई’ची गोष्ट

परवा बाजारपेठेत एक ओळखीचा पोरगा भेटला. कापडाच्या दुकानात कामाला आहे. पोरगा म्हणजे आता दोन लेकरांचा बाप. म्हणाला, "दादा, दिवाळीला शेठनी पाचशे वाढवले. साडेदहा झाले." 2016 ला तो आठ हजारांवर लागला होता. आवाजात जरा अभिमान होता. मग लगेच हळू आवाजात म्हणाला, "पण तेव्हा आठात भागायचं दादा. आता साडेदहात पंधरा तारखेलाच खिसा रिकामा. मी काय उधळपट्टी करतो का?"

नाही रे बाबा. उधळपट्टी नाही. हिशोबच तसा आहे.

लेबर ब्युरो हे केंद्र सरकारचं कार्यालय औद्योगिक कामगारांसाठी दर महिन्याला ग्राहक किंमत निर्देशांक काढतं. साध्या भाषेत सांगायचं तर एका कामगार कुटुंबाची ठरावीक टोपली घ्यायची: धान्य, तेल, भाजी, भाडं, कपडे, औषधं, प्रवास. ती 2016 ला शंभर रुपयांना येत होती असं धरायचं. मग आज तिला किती लागतात ते बघायचं. 2024 च्या दिवाळीला हा आकडा 144 च्या आसपास होता. म्हणजे 2016 च्या आठ हजारांत जे यायचं, त्याला 2024 च्या दिवाळीला साधारण साडेअकरा हजार लागत होते. आणि आपल्या पोराला मिळतात साडेदहा. इतक्या वर्षांत पगार अडीच हजारांनी वाढला, आणि तरी तो महिन्याला हजार रुपयांनी गरीब झाला. वाढ मिळत गेली म्हणून त्याला हे कळलंच नाही.

ही टोपली मोजायची रीत आणि तिला पगार बांधायची मागणी आजची नाही. आपल्या भागातल्या किती घरांत आजोबा, काका मुंबईला गिरणीत होते! मनिऑर्डर आली की इथे चूल पेटायची. ही सगळी लढाई त्या माणसांनी लढलेली आहे, म्हणून आज तीच सांगतो.

पहिलं महायुद्ध चालू होतं. धान्य, कापड, रॉकेल, सगळंच महागलं. गिरण्या मात्र भरपूर नफ्यात होत्या. 1917 ला मुंबईच्या गिरणी मालकांनी पगारावर 10 टक्के युद्धभत्ता दिला. तो पुरणारा नव्हता. जानेवारी 1919 मध्ये लाखाहून जास्त कामगार संपावर गेले, तेव्हा भत्ता 35 टक्क्यांवर गेला. 1920 च्या जानेवारीत पुन्हा मोठा संप झाला. त्या सालापर्यंत मुंबईत जगायचा खर्च 1914 च्या जवळपास दुप्पट झाला होता. तिकडे अहमदाबादेत 1918 ला गांधीजींनी गिरणी कामगारांसाठी उपोषण केलं. त्या लढ्यातही आकडा 35 टक्केच होता.

यातून एक गोष्ट सरकारच्या लक्षात आली. दर वेळी कामगार म्हणणार महागाई वाढली, मालक म्हणणार एवढी नाही. मग खरं काय? 1921 मध्ये मुंबई सरकारने लेबर ऑफिस काढलं, ‘लेबर गॅझेट’ नावाचं मासिक सुरू केलं, आणि जुलै 1914 ला शंभर धरून मुंबईच्या कामगारांच्या राहणीखर्चाचा निर्देशांक छापायला सुरुवात झाली. भांडणाला पहिल्यांदा मोजपट्टी मिळाली.

पण मोजपट्टी दोन्ही बाजूंनी लावता येते. 1925 ला मालकांनी मंदीचं कारण सांगून साडेअकरा टक्के पगारकपात जाहीर केली. सप्टेंबर ते डिसेंबर, दीडेक लाख माणसं घरी बसली. शेवटी सरकारने कापडावरचा साडेतीन टक्के अबकारी कर थांबवला, तेव्हा कपात मागे गेली. पुढे 1933-34 च्या जागतिक मंदीत भाव पडले, तेव्हा ‘आता स्वस्ताई आहे’ म्हणून पगार पुन्हा कापले गेले. महागाई वाढताना मालकाला दिसत नाही, उतरताना मात्र बरोबर दिसते. हा अनुभव आपल्याकडेही कुणाला आला असेल.

दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि 1940 च्या मार्चमध्ये मुंबईत महागाई भत्त्यासाठीच संप झाला. सुमारे चाळीस दिवस चालला. चाळीसच्या दशकात शेवटी सूत्र ठरलं. निर्देशांक 105 च्या वर जितके अंक जाईल, त्या प्रत्येक अंकामागे दिवसाला 1.9 पै. पै म्हणजे रुपयाचा एकशे ब्याण्णवावा भाग. 1947 ला औद्योगिक न्यायालयाने सर्वांत खालच्या कामगाराचं मूळ वेतन महिन्याला 30 रुपये ठरवलं. त्यावर हा भत्ता. गिरणीत त्याला कुणी ‘डीए’ म्हणायचं नाही. ‘महागाई’ म्हणायचे. "या महिन्याला महागाई किती आली?" असं विचारायचे.

आता जरा हिशोब करू. महिन्याचे 26 दिवस धरले तर एका अंकाला साधारण चार आणे. निर्देशांक 400 झाला तर भत्ता होतो 75 रुपयांच्या वर. म्हणजे मूळ पगार 30 आणि महागाई त्याच्या अडीचपट! घर त्या भत्त्यावर चालायचं. मग समजा कार्यालयात बसून कुणी निर्देशांक वीस अंकांनी कमी मोजला, तर प्रत्येक कामगाराचे महिन्याला पाच रुपये गेले. दोन लाख कामगारांचे दहा लाख. संप नाही, कपात नाही, कुणाला पत्ताही नाही.

आणि नेमकी हीच शंका पुढे आली. तो निर्देशांक 1933-34 ला शंभर धरून चालत होता. टोपली 1932-33 च्या कुटुंबांच्या खर्चावरून भरलेली. तीस वर्षं झाली तरी तीच टोपली! बाजारात दिसणारी महागाई सरकारी आकड्यात दिसत नाही, अशी कामगारांची तक्रार होती. 1963 मध्ये त्यावरून मुंबईत मोठं आंदोलन झालं. राज्य सरकारला अर्थतज्ज्ञ प्रा. डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. निर्देशांक कमी दाखवला जातोय हे समितीलाही मान्य करावं लागलं आणि तो दुरुस्त झाला.

मला या सगळ्या इतिहासात ही गोष्ट सर्वांत मोठी वाटते. चौथी-पाचवी शिकलेली माणसं, चाळीत एका खोलीत दहा-दहा जण राहणारी. पगार वाढवा एवढंच मागून ती थांबली नाहीत. तुमची मोजपट्टी दाखवा, ती बरोबर आहे का ते बघू, असं म्हणाली. आणि त्यांचं म्हणणं खरं निघालं.

दरम्यान 1957 च्या भारतीय श्रम परिषदेत किमान वेतन कसं काढायचं याचे निकष ठरले होते. एका कमावत्यामागे तीन माणसांचा खर्च, प्रत्येकी 2700 कॅलरी अन्न, कुटुंबाला वर्षाला 72 वार कापड, शिवाय घरभाडं आणि इंधन. 1991 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं, यात मुलांचं शिक्षण, औषधपाणी, सणसमारंभ, म्हातारपण, लग्न यांसाठी 25 टक्के धरा. म्हणजे माणूस फक्त पोटाने जगत नाही हे कायद्याच्या भाषेतही आलं.

मग गिरण्या गेल्या. 1982 चा संप आपल्याला माहीतच आहे. अडीच लाख माणसं त्यात उतरली आणि त्यातल्या अनेकांना पुन्हा ते काम मिळालं नाही. त्यांची मुलं कुरिअरला, सिक्युरिटीला, दुकानात लागली. वडिलांच्या पावतीवर ‘महागाई’चा रकाना होता. मुलाला पावतीच नाही.

सरकारी नोकराला तो रकाना आजही आहे. जानेवारी आणि जुलै, वर्षातून दोनदा महागाई भत्ता वाढतो. वर्षाची तीन टक्के वेतनवाढ वेगळी. त्यांच्यावर राग धरायचं कारण नाही. कोरोनात केंद्राच्या कर्मचाऱ्यांचे तीन हप्ते गोठवले गेले होते, त्या काळाची थकबाकी मिळालीच नाही. पण त्यांच्याकडून एक फरक शिकण्यासारखा आहे. महागाई भत्ता म्हणजे पगारवाढ नव्हे. तो फक्त पगार खाली सरकू नये म्हणून असतो. अनुभव वाढला, काम वाढलं, त्याची वाढ वेगळी. आपल्याकडे दिवाळीच्या पाचशे रुपयांत हे दोन्ही कोंबलेलं असतं, आणि त्यात एकही पुरत नाही.

पत्रकारांचंही सांगून टाकतो. मजिठिया वेतन मंडळ 2011 ला अधिसूचित झालं, 2014 ला सुप्रीम कोर्टाने कायम केलं. तालुक्याच्या वार्ताहराला त्यातलं काय मिळालं, ते विचारू नका.

आता मुद्द्याचं. दुकानात, हॉटेलात, मेडिकलमध्ये काम करणाऱ्यांना वाटतं, आपल्याला असलं काही लागू नाही. आहे! महाराष्ट्रात किमान वेतनाचे दोन भाग असतात. एक मूळ दर, दुसरा ‘विशेष भत्ता’. हा विशेष भत्ता ग्राहक किंमत निर्देशांकावरच ठरतो आणि दर सहा महिन्यांनी, जानेवारी ते जून आणि जुलै ते डिसेंबरसाठी, कामगार खातं जाहीर करतं. दुकाने आणि आस्थापनाही त्यात येतात. कुशल, अर्धकुशल, अकुशल असे वेगळे दर. मुंबईच्या कामगारांनी मिळवलेली ती ‘महागाई’ आज कायद्याने तुमच्या दुकानापर्यंत येऊन थांबली आहे. फक्त आत आलेली नाही.

त्या पोराला मी हे सांगितलं. तो म्हणाला, "दादा, शेठ वाईट नाहीत. पोरगी आजारी होती तेव्हा दवाखान्याचे पैसे त्यांनीच दिले." खरं असेल. ऑनलाइनमुळे शेठचाही धंदा बसलाय, हेही खरं. पण मदत आणि मजुरी या वेगळ्या गोष्टी आहेत. दवाखान्याला पैसे मागायची वेळ येऊ नये, एवढा पगार असणं हा हक्क आहे. आणि गावातल्या हजार घरांना महिन्याला हजार रुपये कमी पडतात, तेव्हा दहा लाख रुपये याच बाजारपेठेत यायचे राहतात. शेठचं गिऱ्हाईक कोण? दुसऱ्या शेठचा नोकरच ना!

म्हणून एक करा. ज्या साली कामाला लागलात त्या सालचा पगार आणि आजचा पगार एका कागदावर लिहा. मधल्या काळात निर्देशांक कितीने वाढला ते बघा. आपल्या कामाचा या सहामाहीचा किमान वेतनाचा दर कामगार कार्यालयात विचारा. भांडायला जायचं नंतर बघू, आधी आपला आकडा आपल्याला माहीत पाहिजे. आकडा काढताना अडलं तर मला मेसेज करा. नाव कुठेही येणार नाही.

दुकानदार मित्रांनीही आपली बाजू खाली जरूर लिहावी.