यू मुंबा संघाचा पहिला मोसम

संस्थेचा इतिहास तिच्या पहिल्या विजयापासून लिहिण्याचा प्रघात आम्हांस सदोष वाटतो. मुंबईच्या यू मुंबा या कबड्डी संघाचें उदाहरण घ्यावें. त्याचें इ. स. २०१५ चें अजिंक्यपद सर्वतोमुखीं आहे; परंतु पाया आदल्या वर्षींच घातला गेला होता. प्रो कबड्डीच्या पहिल्या मोसमांत आठ संघ उतरले. त्यांत अनुपकुमारच्या नेतृत्वाखालीं यू मुंबानें अंतिम सामना गांठला. ३१ ऑगस्ट २०१४ रोजीं मुंबईंतच जयपूरनें त्यास ३५-२४ असें हरविलें. पुढील वर्षीं बंगळूरला ३६-३० असें नमविणाऱ्या संघाचा नायकही अनुपकुमारच होता. तेव्हां त्या विजयाचें मूळ आदल्या पराभवांत शोधिलें पाहिजे. संग्राहकांनीं २०१४ चीं गुणपत्रकें व तिकिटें पोथ्यांइतक्याच काळजीनें जपावीं. उद्यांचीं अस्सल साधनें तींच होत.