परंगीमलैचा क्रूस आणि बर्नेलसाहेब

नुंगंबाक्कमच्या कॉलेज रोडला ज्या कॉलेजचं नाव आहे, ते कधीच बंद झालं. १८१२ साली एलिस या सनदी अधिकाऱ्याच्या पुढाकाराने फोर्ट सेंट जॉर्ज कॉलेज सुरू झालं. विलायतेहून आलेल्या पोरसवदा अधिकाऱ्यांना तमिळ, तेलुगू शिकवणं हे त्याचं काम. १८५४ मध्ये ते मोडीत निघालं. मद्रास लिटररी सोसायटीचं जुनं ग्रंथालय आजही याच रस्त्यावर आहे. चेन्नईच्या पोस्टिंगमध्ये तिथे जाऊ लागलो आणि आर्थर कोक बर्नेलच्या नादी लागलो.

बर्नेल १८६० साली, वयाच्या विसाव्या वर्षी, मद्रासला आला. तोवर कॉलेज नव्हतं, पण त्या परंपरेतलं भाषांचं वेड त्याच्यात पुरेपूर होतं. संस्कृत, तमिळ, तेलुगू, कन्नड तर झालंच, पण तिबेटी, अरबी, जावानीज, कॉप्टिकही! दिवसा न्यायाधीशाचं काम आणि उरलेला वेळ पोथ्या आणि शिलालेख.

आपल्यापैकी ज्यांनी ओटीएत दिवस काढलेत, त्यांना परंगीमलै, म्हणजे सेंट थॉमस माउंट, ठाऊक आहे. १५४७ मध्ये त्या टेकडीवर खोदकाम करताना पोर्तुगीजांना कोरीव दगडी क्रूस सापडला. भोवती कमानीसारखी एक अनोळखी ओळ. वाचायला एका विद्वान ब्राह्मणाला बोलावलं. त्याने त्या मोजक्या अक्षरांतून येशूचा जन्म, प्रेषित थॉमसचं येणं आणि मरण, अशी लांबलचक कथा काढून दिली. पोर्तुगीजांना जे ऐकायचं होतं तेच मिळालं. पुढची तीन शतकं तेच चाललं.

बर्नेलने ती ओळ पहलवी आहे हे धरून वाचली. पहलवी म्हणजे सासानी इराणची भाषा. मंगळूरच्या बासेल मिशन छापखान्यात १८७३ मध्ये त्याने आपली पुस्तिका छापली, तेव्हा तो तेहतीस वर्षांचा होता. त्याच्या वाचनात थॉमस कुठेच नव्हता. क्रुसावर दुःख भोगलेला तोच खरा ख्रिस्त आणि तोच देव, असा धर्मसिद्धांत होता. कोरीव काम त्याने सातव्या-आठव्या शतकातलं ठरवलं. तो इथेच थांबला असता तर बरं. पण दक्षिणेतले हे आद्य 'ख्रिस्ती' बहुधा इराणचे मणिपंथी असावेत, असंही त्याने ठोकून दिलं. 'इंडियन अँटिक्वेरी'त रेव्हरंड कॉलिन्स यांनी त्याला उत्तर दिलं आणि चांगलीच जुंपली. केरळच्या सीरियन ख्रिस्ती घराण्यांसाठी हा नुसता पंडितांचा वाद नव्हता. थॉमसने दीक्षा दिलेले आपले पूर्वज, ही त्यांची ओळखच पणाला लागली होती.

गंमत म्हणजे मद्रासच्या या दगडाची किल्ली आपल्याकडे होती. पुण्यात १८५९ ते १८६६ संस्कृत शिकवलेले मार्टिन हाउग आणि जीआयपी रेल्वेत इंजिनिअर असताना पारशी पोथ्यांच्या मागे लागलेले वेस्ट, या दोघांनी १८७४ मध्ये आपापली वेगळी वाचनं दिली. पुढे मुंबईच्या जीवनजी जमशेदजी मोदींनीही प्रयत्न केला. दोष लिपीचा. पहलवीत व, न आणि र एकाच आकाराने लिहिलेले सापडतात. नेमकं अक्षर संदर्भावरून ठरवायचं आणि इथे तर संदर्भ एका ओळीचा.

बर्नेलला निकाल पाहायला मिळाला नाही. त्याची प्रकृती आधीच तोळामासा होती. तंजावरला न्यायाधीश असताना त्याने भोसल्यांच्या राजवाड्यातल्या, सरफोजीराजांनी वाढवलेल्या ग्रंथसंग्रहाची संस्कृत सूची केली आणि उरलीसुरली तब्येत त्या कामात घालवली. सूची १८८० मध्ये निघाली, दोन वर्षांनी तो इंग्लंडात वारला. वय बेचाळीस. मराठी माणसाने त्याचे आभार मानायचे ते या सूचीसाठी.

१९२९ मध्ये विंकवर्थने नवं वाचन छापलं आणि नंतरचे अभ्यासक थोड्याफार फरकाने त्याच वाटेने गेले. थॉमस नाही, सिद्धांत नाही, मणिपंथी तर नाहीतच. हे ख्रिस्तप्रभो, हा क्रूस कोरणाऱ्या चहारबुख्तच्या मुलावर, सीरियन अफ्रासवर दया कर, इतकाच मजकूर.

आमच्या भाषेत सांगायचं तर बर्नेलचा रेकी रिपोर्ट शत्रूच्या संख्येबाबत चुकला, दिशेबाबत नाही. लिपी पहलवी, नातं इराणच्या चर्चशी, काळ पोर्तुगीजांच्या कितीतरी आधीचा, हे सगळं टिकलं. थॉमस आला की नाही याचं उत्तर या दगडाकडे मागणं मात्र तेव्हापासून संपलं. समुद्र ओलांडून आलेल्या बापलेकांची नावं तेवढी हाती लागली. क्रूस आजही टेकडीवरच्या चर्चच्या वेदीत बसवलेला आहे आणि कोट्टायमच्या वलियपळ्ळीतल्या क्रुसावरही अफ्रासची हीच ओळ कोरलेली आहे.