बिस्फेनॉल-ए
पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिक व इपॉक्सी रेझिन यांच्या निर्मितीत वापरले जाणारे कृत्रिम कार्बनी संयुग. संप्रेरकांच्या (अंतःस्रावी ग्रंथींतून थेट रक्तात मिसळून शरीरक्रियांचे नियमन करणाऱ्या द्रव्यांच्या) कार्यात ते व्यत्यय आणते. १८९१ मध्ये रशियन रसायनशास्त्रज्ञ अलेक्सांद्र दियानिन यांनी त्याचा शोध लावला. त्याचा रेणू ईस्ट्रोजेन या स्त्रीसंप्रेरकाच्या ग्राहींना (संप्रेरकाचा संदेश स्वीकारणाऱ्या प्रथिनांना) जोडला जात असल्याने पेशींना अवेळी किंवा चुकीचा संदेश मिळतो. हा ईस्ट्रोजेनसदृश परिणाम १९३६ मध्येच ब्रिटनमध्ये दिसून आला होता, तरीही १९५० च्या दशकापासून त्याचा औद्योगिक वापर वाढत गेला.

हवाबंद डब्यांचे आतील अस्तर व पॉलिकार्बोनेटची भांडी यांतून, विशेषतः गरम पदार्थ भरल्यास, ते अन्नात उतरते, तर दुकानांतील छापील पावत्यांच्या उष्णतासंवेदी कागदातून ते त्वचेत शोषले जाते. ते मूत्रावाटे लवकर बाहेर पडत असले, तरी रोजच्या संपर्कामुळे शरीरातील त्याचे अस्तित्व टिकून राहते. प्राण्यांवरील प्रयोगांत प्रजननसंस्था व चयापचय यांवर त्याचे दुष्परिणाम आढळले असून माणसांतील पाहण्यांत मधुमेह व हृद्‌विकार यांच्याशी त्याचा संबंध दिसतो, मात्र कार्यकारणभाव पूर्णपणे सिद्ध झालेला नाही. अवयव घडत असताना संप्रेरकांची सूक्ष्म मात्राही निर्णायक ठरते; म्हणून गर्भ व अर्भके यांना अधिक जपणे आवश्यक असते. यूरोपीय संघाने २०११ मध्ये बाळांच्या दुधाच्या बाटल्यांत त्याच्या वापरावर बंदी घातली. पर्याय म्हणून आलेले बिस्फेनॉल-एसही संप्रेरकसदृश परिणाम दाखवत असल्याने अन्नासाठी काच व स्टेनलेस स्टील अधिक सुरक्षित ठरतात.