मधला माणूस

2018 चा जून महिना. पहूरच्या स्टँडवर चहा पीत होतो, तेवढ्यात मोबाईलवर मेसेज आला: मुलं पळवणारी टोळी आली आहे, सावध राहा. खाली कोणाचं नाव नाही, गाव नाही. तरी मी तो घरच्या ग्रुपवर पाठवला. घरात लहान पोरं आहेत, सांगितलेलं बरं, एवढाच विचार.

1 जुलैला आमच्याच खानदेशात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडे बाजाराच्या दिवशी पाच जण आले. नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागून पोट भरणारे, बहुतेक मंगळवेढ्याकडचे. मुलं पळवणारे समजून जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि ठार मारलं.

मारणाऱ्यांवर खुनाचा गुन्हा दाखल झाला. पण अफवा कोणाची? कायदा बोलणाऱ्याला शोधतो. इथे सगळेच पुढे पाठवणारे.

बोलणारा सापडला की काय होतं, तेही महाराष्ट्राने पाहिलं आहे. नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर झालेल्या बंदबद्दल पालघरच्या एका मुस्लिम मुलीने फेसबुकवर स्वतःच्या नावाने प्रश्न विचारला. तिला आणि पोस्ट लाईक करणाऱ्या मैत्रिणीला अटक झाली. त्यात लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66अ सुप्रीम कोर्टाने श्रेया सिंघल खटल्यात 24 मार्च 2015 ला रद्द केलं.

राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा जाहीर केली. 2021 च्या नियमांत सरकारने आणखी पुढे जाऊन मागणी केली: मेसेज सर्वांत आधी कोणी पाठवला, ते शोधून द्या. कंपनी दिल्ली हायकोर्टात गेली. तिचं म्हणणं, एकाचा माग काढायचा तर सगळ्यांच्या खाजगी बोलण्याचं कुलूप मोडावं लागेल. राईनपाडा आठवला की असा माग हवासा वाटतो. पालघर आठवलं की त्याचीच भीती वाटते.

हजार-बाराशे वर्षांपूर्वी हदीस गोळा करणाऱ्या आलिमांसमोरही ऐकीव बातमीचाच प्रश्न होता. त्यांनी सांगणाऱ्यांची अख्खी साखळी तपासली. कोणी सांगितलं, कोणाकडून ऐकलं, माणूस भरवशाचा आहे का? मधली एक कडी कच्ची निघाली तरी रिवायत जईफ ठरायची.

पहिला माणूस कोण, ते कोर्ट आणि कंपनी ठरवतील. पहूरच्या स्टँडवरची कच्ची कडी मात्र मीच होतो. त्या मेसेजबद्दल मला कोणी विचारलं नाही, कोणी विचारणारही नाही. म्हणूनच आज इथे लिहून ठेवतो आहे.