जिल्ह्याचा आराखडा आणि शाळेचे म्हणणे

करवीर पेट्यातील चिखली या गावी १९१८ साली कोल्हापूर संस्थानातील सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाची पहिली शाळा सुरू झाली. त्याआधी १९१२ मध्ये नामदार गोखल्यांचे याच विषयावरील विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले होते. ब्रिटिश हिंदुस्थानात जे झाले नाही, त्याचा कायदा शाहू महाराजांनी १९१७ मध्ये आपल्या संस्थानात केला. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. योजनेसाठी स्वतंत्र खाते उघडले. दरबाराने ठरवायचे आणि गावाने पाळायचे, अशी ही योजना होती. गावात शाळाच नसताना याहून वेगळे काही शक्यही नव्हते.

प्रश्न उभा राहिला तो शाळा निघाल्यानंतर. एखाद्या जिल्ह्यात शेकडो शाळा आहेत. त्या सुधारायच्या, तर काय करायचे हे कोणी ठरवायचे? महाराष्ट्रातील प्राथमिक शिक्षणाच्या कारभाराचा इतिहास पाहिला, तर हा प्रश्न प्रत्येक पिढीने वेगळ्या रीतीने सोडवलेला दिसतो.

मुंबई इलाख्यात १९२३ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळांचा ताबा सरकारकडून स्थानिक संस्थांकडे गेला. लोकल बोर्डांच्या स्कूल बोर्डांकडे शिक्षकांच्या नेमणुका आणि बदल्या आल्या, आणि गावोगावचे राजकारणही त्यांच्याबरोबर आले. पुढे १९२९ मध्ये हार्टोग समितीने देशभरच्या प्राथमिक शिक्षणातील गळती आणि स्थगितीवर बोट ठेवले, तसेच अधिकार खाली सोपवण्याच्या धोरणावरही टीका केली. १९३८ च्या दुरुस्तीने आणि १९४७ च्या नव्या कायद्याने सरकारने बरेच अधिकार परत घेतले. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्या शिक्षण समित्यांकडे गेल्या. चाळीस वर्षांत लंबक मुंबईकडून जिल्ह्याकडे, जिल्ह्याकडून मुंबईकडे आणि पुन्हा जिल्ह्याकडे असा फिरला. वाद होता तो अधिकार सरकारचा की बोर्डाचा, एवढाच. शाळेला आपले काही म्हणणे असेल, हे त्यात कोणी गृहीत धरले नव्हते.

ते गृहीत धरणारा माणूस कोल्हापूर जिल्ह्यातलाच निघाला. जे. पी. नाईक यांचा जन्म १९०७ साली आजरा तालुक्यातील बहिरेवाडीचा. स्वातंत्र्यलढ्यात त्यांनी तुरुंगवास भोगला, धारवाडकडच्या खेड्यांत काम केले आणि पुढे गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत पुढाकार घेतला. १९६४ मध्ये डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला, तेव्हा नाईक त्याचे सदस्य-सचिव झाले.

१९६६ च्या अहवालात आयोगाने नियोजनाची पायरी शाळेपर्यंत खाली आणली. राष्ट्र, राज्य आणि जिल्हा यांच्या जोडीला प्रत्येक शाळेनेही आपली योजना करावी, असे सुचवले. तीही पैशांची मागणी करणारी यादी नव्हे. हाती असलेल्या साधनांत शिक्षक आणि गावकरी मिळून काय करू शकतील, याची योजना. छप्पर गळत असेल तर पैसा लागतोच. पण चौथीतल्या मुलाला वाचता येत नसेल किंवा सुगीत मुली शाळेत येत नसतील, तर पहिला उपाय शाळेलाच शोधावा लागतो. जवळपासच्या प्राथमिक शाळा एका माध्यमिक शाळेशी जोडून त्यांचे संकुल करावे, हीही आयोगाचीच शिफारस. यात लहान शाळा आपल्या जागी राहणार होती. तिचे एकटेपण तेवढे जाणार होते.

पुढे बराच काळ ही कल्पना कागदावर राहिली. १९९४ मध्ये जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम आला. स्त्री-साक्षरता राष्ट्रीय सरासरीहून कमी असलेले जिल्हे त्यासाठी निवडायचे होते. महाराष्ट्रातून पहिल्या टप्प्यात औरंगाबाद, परभणी, नांदेड, लातूर आणि उस्मानाबाद हे पाचही जिल्हे मराठवाड्यातले होते. जिल्ह्याने आपला आराखडा आपण करावा, हे इथे प्रथमच मोठ्या प्रमाणावर घडले. शाळांच्या माहितीचे संगणकीकरणही याच काळात सुरू झाले. त्याचा फायदा मोठा झाला, पण एक सवयही लागली. शाळेकडून माहिती मागवायची आणि योजना वरच्या कार्यालयात करायची.

शिक्षण हक्क कायद्याने २००९ मध्ये नाईकांच्या विचाराला कायद्याचे बळ दिले. कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया हव्यात. कलम २२ प्रमाणे या समितीने शाळा विकास आराखडा करायचा आणि तोच सरकारी योजनांचा व अनुदानाचा आधार मानायचा. म्हणजे जिल्ह्याचा आराखडा शाळांच्या आराखड्यांतून वर यायला हवा. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी मुख्याध्यापक ठरलेला नमुना भरतात, पालक सह्या करतात आणि कागद फाइलीत जातो.

याचे मोल कळते ते शाळेवर संकट आल्यावर. २०२३ मध्ये राज्याने २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ उभारण्याचे प्रस्ताव मागवले. राज्यात अशा शाळा १४ हजारांहून अधिक होत्या. ‘संकुल’ आणि ‘समूह’ हे शब्द अर्थाने जवळचे, पण एकात लहान शाळा टिकते आणि दुसऱ्यात ती मिटते. मोठ्या शाळेत ग्रंथालय, खेळाचे मैदान आणि प्रत्येक वर्गाला शिक्षक मिळतो, हा युक्तिवाद खोटा नाही. पण वाडीवरच्या सात वर्षांच्या मुलीला रोज किती दूर जावे लागेल, वाटेत ओढा आहे का, पावसाळ्यात गाडी येईल का, हे पटाच्या आकड्यात दिसत नाही. ते सांगू शकते ती त्या वाडीच्या शाळेची समिती, आणि ते लिहून ठेवायची जागा म्हणजे तिचा विकास आराखडा.

चिखलीची शाळा उघडली तेव्हा गावाला विचारण्याची सोय नव्हती. आज ती कायद्यातच आहे. एखादी शाळा मिटवण्याचा प्रस्ताव जिल्ह्याच्या टेबलावर येईल, तेव्हा तिच्या समितीने केलेला आराखडाही त्याला जोडलेला असावा आणि तो आधी वाचला जावा, एवढी अपेक्षा नाईकांच्या महाराष्ट्रात फार मोठी नाही.