नक्कल आणि अस्सल

दस्तऐवज पुढे आला की आम्हा वकिलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : हा अस्सल की नक्कल? नक्कल कितीही बिनचूक असली, तरी अस्सलाची सर तिला येत नाही. गेल्या उत्सवात आमच्या पिरनवाडीच्या देवळात एका लहानग्याने एका थोर गायकाचा अभंग मुद्रिकेबरहुकूम म्हटला. हरकत तीच, विसावाही तोच. मंडळींनी वाहवा केली, आम्हीही केली. परंतु घरी परतताना धंद्यातला तो जुना प्रश्न मनात उभा राहिला आणि सुळेभावीच्या एका मुलाची आठवण झाली.

सुळेभावी हे आमच्याच बेळगाव तालुक्यातले, महालक्ष्मीचे गाव. तेथे ८ एप्रिल १९२४ रोजी शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी यांचा जन्म झाला. घरची भाषा कानडी, वडिलांना गाण्याचे वेड. सहासात वर्षांचा असताना हा मुलगा नामवंत गवयांच्या तबकड्या ऐकून त्या जशाच्या तशा गाऊ लागला. ते ऐकून थक्क झालेल्या एका मठाच्या स्वामींनी त्याला ‘कुमार गंधर्व’ म्हटले. अकराबारा वर्षांचा हा बालगायक मुंबईच्या संगीत परिषदेत गायला, तेव्हा भल्याभल्यांनी बोटे तोंडात घातली.

कौतुक इथेच थांबते, तर ही कथा सांगण्याचे कारण नव्हते. पुढे प्रा. बी. आर. देवधर यांनी त्यास आपल्या विद्यालयात घेतले. विष्णु दिगंबरांचे हे शिष्य कोणत्याही घराण्याची चांगली गोष्ट उघड्या मनाने ऐकणारे होते. गोमंतकाच्या अंजनीबाई मालपेकर यांचेही मार्गदर्शन कुमारांस लाभले. ऐकलेले गाणे म्हणून दाखविणे आणि त्याचे मर्म जाणणे यांतले अंतर येथे त्यांना कळू लागले.

तेवढ्यात दैवाने घाला घातला. क्षयाने गाठले. कोरड्या हवेसाठी १९४८ च्या जानेवारीअखेर ते माळव्यातील देवासला गेले. गायनास मनाई झाली. पत्नी भानुमतीबाईंनी शाळेत शिकवून संसार आणि शुश्रूषा दोन्ही ओढली. ज्याचे सारे जीवित गळ्यावर, त्याने पाच-सहा वर्षे गळा मिटून अंथरुणावर पडून राहावे, याहून कठोर शिक्षा कोणते न्यायासन देईल?

परंतु कान उघडे होते. खिडकीबाहेरून बायांची लग्नगीते, ऋतूंची गाणी, भटक्या साधूंची निर्गुणी भजने येत. पडल्यापडल्या ते ती ऐकत राहिले, पुढे शेकड्यांनी टिपून घेतली. रागाचे मूळ लोकांच्या धुनेत असते, ही त्यांची खात्री येथेच पक्की झाली. तिच्यातूनच पुढे मालवती, लगनगंधार, सहेली तोडी यांसारखे ‘धुनउगम’ राग निर्माण झाले. स्ट्रेप्टोमायसिनच्या गुणाने ते बचावले आणि १९५३ साली पुन्हा गाऊ लागले. एक फुप्फुस निकामी झाले होते, दमसास उरला नव्हता. मग लांब तानेची जागा छोट्या, धारदार स्वरसमूहांनी घेतली. देहाचे उणेपण गाण्याचे लेणे झाले. जुन्या वळणाच्या रसिकांनी ‘हे कोणत्या घराण्याचे?’ म्हणून जाब विचारला. पण ज्याने बालपणी साऱ्यांचे गाणे हुबेहूब म्हणून दाखविले होते, त्याला आता दुसऱ्याचे गाणे गाण्याची गरज नव्हती.

त्यांनी पुढे बालगंधर्वांची पदे सादर केली, त्या कार्यक्रमाचे नाव होते ‘मला उमजलेले बालगंधर्व’. ‘उमजलेले’ हा शब्द आम्हांस फार मोलाचा वाटतो. सुळेभावीचा मुलगा तबकडी गात होता. देवासचा गवई आपल्याला उमजलेले गात होता. १२ जानेवारी १९९२ रोजी देवासलाच त्यांचा देह विसावला.

आमच्या देवळातील त्या लहानग्याचा गळा गोड आहे. नक्कल करणे हा काही त्याचा अपराध नव्हे. शिकण्याची ती पहिली पायरीच होय. चूक आहे ती आम्हा मोठ्यांची. आम्ही त्याला श्रीफळ दिले, शाल दिली आणि कर्तव्य संपले असे मानले. त्याला गुरू कोण मिळवून देणार? देवळात पहाटे ओव्या म्हणणाऱ्या म्हातारीपाशी त्याला कोण बसविणार? पुढील उत्सवाच्या जमाखर्चात शालीशेजारी शिकवणीची एक रक्कम मांडावी, एवढीच आमची देवस्थानच्या मंडळींस विनंती आहे.